नमद्याचा हत्ती

पेटी उघडली की आत राखी रंगाच्या जाड कापडाचे नऊ तुकडे, रंगीत दोऱ्यांच्या तीन-चार लडी, एक सुई, पिंजलेल्या कापसाची पुडी आणि आकृत्या छापलेला एक कागद एवढेच हाती लागते. पेटीच्या झाकणावर मात्र एक ऐटबाज हत्ती उभा असतो. त्याच्या पाठीवर नक्षीदार झूल असते, सोंड किंचित वर उचललेली असते आणि डोळ्यांत खट्याळपणा असतो. अशी पेटी प्रथमच उघडणारे मूल क्षणभर हिरमुसते. झाकणावरचा हत्ती पेटीत नसतोच! तो पेटी उघडणाऱ्याच्या हातून घडावयाचा असतो.

कापडाचे प्राणी घरी शिवण्याचे असे संच आज शहरांतील दुकानांतून मिळतात. पण छापील आकृतीवरून प्राणी शिवण्याची कल्पना मुळीच नवी नाही. सुमारे एकशे पंचेचाळीस वर्षांपूर्वी जर्मनीतील एका लहानशा गावी शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने असाच एक हत्ती शिवला होता. त्या स्त्रीला चालता येत नव्हते आणि तिचा उजवा हातही अधू होता. तरीही तिच्या हातून घडलेला तो हत्ती घराघरांतील मुलांचा सोबती झाला. त्या हत्तीची ही हकीकत आहे.

दक्षिण जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात ब्रेंट्स नदीच्या काठी गींगेन नावाचे गाव आहे. २४ जुलै १८४७ रोजी तेथे मार्गारेटे श्टाइफ हिचा जन्म झाला. तिचे वडील इमारती बांधण्याचे काम करीत. मार्गारेटे दीड वर्षाची असताना तिला जबर ताप आला. ताप उतरला, पण तिचे दोन्ही पाय लुळे पडले आणि उजवा हात दुबळा झाला. तो पोलिओचा आजार होता. या रोगावरची लस १९५५ मध्ये निघाली. मार्गारेटेच्या बालपणी त्याला प्रतिबंध नव्हता की उपाय नव्हता. आईवडिलांनी तिला दूरच्या वैद्यांकडे नेले, शस्त्रक्रिया करविली, उष्ण झऱ्यांच्या पाण्याचे उपचार केले. पण पायांत बळ आले नाही ते नाहीच.

मार्गारेटेचा स्वभाव मोठा उमदा होता. भावंडे आणि शेजारची मुले तिला एका लहानशा हातगाडीत बसवून शाळेत ओढून नेत. गाडीत बसल्या बसल्या ती नवे नवे खेळ सुचवी आणि सर्व मुले तिच्याभोवती जमत. पुढे तिने शिवणवर्गात जाण्याचा हट्ट धरला. वडिलांना ते पसंत नव्हते. ज्या हाताने धड कात्री पेलवत नाही, त्या हाताने ही मुलगी काय शिवणार, असे त्यांना वाटे. त्यांचे वाटणे अगदीच निराधार नव्हते. टाके घालताना मार्गारेटेचा हात लवकर थके आणि दुखू लागे. प्रारंभी तर तिच्या बहिणींनाच तिचे काम पुरे करावे लागे. पण तिने सुई खाली ठेवली नाही. वर्षामागून वर्षे गेली आणि तिचे टाके सारखे पडू लागले. झिथर नावाचे एक तंतुवाद्यही ती शिकली आणि त्याच्या शिकवण्या घेऊन चार पैसे मिळवू लागली.

घरात शिवणयंत्र आले तेव्हा एक नवीच अडचण उभी राहिली. यंत्राचे चाक उजव्या बाजूस होते आणि तिच्या उजव्या हातात ते फिरविण्याची शक्ती नव्हती. तेव्हा मार्गारेटेने यंत्रच उलटे फिरवून ठेवले आणि डाव्या हाताने चाक चालविण्यास आरंभ केला, असे सांगतात. हात बदलता येत नव्हता, म्हणून तिने यंत्राची बैठक बदलली!

पुढे मार्गारेटेबाई गावात उत्तम शिवणकाम करणाऱ्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांच्या नातेवाइकांचा गींगेनमध्ये नमद्याचा कारखाना होता. नमदा म्हणजे न विणलेले लोकरी कापड. घोंगडी मागावर विणतात. तिच्यात उभे-आडवे धागे असतात. नमद्यात धागेच नसतात. लोकरीचे थर ओले करून दाबतात आणि घोटतात. मग लोकरीचे तंतू एकमेकांत घट्ट अडकून त्यांचे एकजीव कापड होते. आपल्याकडील जुन्या घरांतून आढळणारा बुरणूस याच जातीचा. विणलेले कापड कापले की त्याच्या कडेचे धागे सुटतात, म्हणून ती कड दुमडून शिवावी लागते. नमद्याची कड मात्र उसवत नाही. शिवाय नमद्याला सुलट आणि उलट अशा दोन बाजू नसतात. तो दोन्हीकडून सारखाच दिसतो. हे दोन गुण पुढे फार उपयोगी पडावयाचे होते. १८७७ मध्ये मार्गारेटेबाईंनी नमद्याच्या कपड्यांचे स्वतःचे दुकान काढले. परकर आणि मुलांचे कोट त्या तेथे विकू लागल्या. स्वतःच्या पायांवर उभे राहता न येणारी ती स्त्री स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली.

त्या काळी जर्मनीत ‘मोडेनवेल्ट’ नावाचे वेशभूषेचे एक नियतकालिक निघत असे. कपडे घरी बेतता यावेत म्हणून त्यात आकृत्या छापलेल्या असत. १८७९ च्या डिसेंबरातील एका अंकात मार्गारेटेबाईंना एका लहान हत्तीची आकृती दिसली. त्यांनी नमद्याचे तुकडे घेतले, आकृतीबरहुकूम हत्ती बेतला, शिवला आणि आत लोकर भरली. हा हत्ती खेळण्यासाठी नव्हताच. शिवताना लागणाऱ्या सुया आणि टाचण्या खोचून ठेवण्याची ती एक उशी होती. असे काही हत्ती त्यांनी आप्तांना आणि मैत्रिणींना भेट म्हणून दिले.

पण झाले भलतेच! ज्या घरी हत्ती गेला त्या घरच्या मुलांनी तो पळविला. त्या काळची बहुतेक खेळणी लाकडाची, पत्र्याची नाहीतर चिनी मातीची असत. ती हातातून पडली की फुटत, कडा बोटांना लागत, आणि रात्री त्यांना कुशीत घेऊन झोपणे तर शक्यच नव्हते. हा हत्ती मऊ होता, ऊबदार होता. पडला तरी त्याला काही होत नसे आणि कोणाला लागतही नसे. सुया खोचण्याच्या उशीत दडलेला हा सोबती मोठ्यांना दिसला नव्हता. तो मुलांनी शोधून काढला. मार्गारेटेबाईंनी मुलांचा हा कौल मान्य केला आणि १८८० पासून त्या असे हत्ती विकू लागल्या. त्यांचा भाऊ फ्रित्स याने हत्तींनी भरलेले पोते शेजारच्या हायडेनहाइम गावच्या बाजारात नेले, तेव्हा ते सारे हत्ती हातोहात खपले. १८८६ पर्यंत विकलेल्या हत्तींची संख्या पाच हजारांच्या वर गेली होती.

आता, असा हत्ती तयार तरी कसा होतो ते पाहू. पेटीतील नऊ तुकडे प्रथम कागदावरील आकृतीशी ताडून पाहावेत. हत्तीच्या दोन कुशी, पोटाचा एक तुकडा, दोन कानांचे चार तुकडे, एक शेपटी आणि एक झूल, असे ते नऊ तुकडे होत. दोन कुशी एकमेकींना नुसत्या जोडल्या तर हत्ती पोळीसारखा चपटा होईल. तो फुगावा आणि चार पायांवर उभा राहावा म्हणून दोन कुशींच्या मध्ये पोटाचा तुकडा घालतात. शिंपी सदऱ्याच्या बगलेत कळी घालतो, तशीच ही पोटाची कळी होय. चारही पायांची आतली बाजू या कळीतच बेतलेली असते. सपाट कापडातून गोल आकार कसा निघतो, याचे सारे रहस्य या एका तुकड्यात आहे.

भरतकाम करावयाचे ते तुकडे सुटे असतानाच करावे. हत्ती एकदा भरला की सुईला आतून वर येण्यास वाट राहत नाही आणि दोऱ्याच्या गाठी लपविता येत नाहीत. भरतकामाचा दोरा सहा पदरी असतो. त्यांतील दोन किंवा तीन पदर वेगळे करून सुईत ओवावेत. दोरा हातभर लांब असावा. अधिक लांब घेतला तर सुई पुनःपुन्हा ओवण्याचा त्रास वाचतो खरा, पण दोऱ्याला पीळ पडून गुंता होतो, आणि वाचलेल्या वेळेहून अधिक वेळ तो सोडविण्यात जातो. झुलीच्या कडेने साखळी टाका घालावा. एका टाक्याच्या फासातून दुसरा टाका निघत गेला की कापडावर साखळी उमटते. झुलीच्या मध्यभागी गाठीच्या टाक्यांची फुले भरावीत. सुईभोवती दोऱ्याचे दोन वेढे देऊन ती जेथून वर आली त्याच्या अगदी लगत खाली घातली की मोहरीएवढी गाठ बसते.

डोळे भरताना विशेष काळजी घ्यावी लागते. दोन्ही कुशी एकमेकींवर नीट ठेवून डोळ्याच्या जागी एक टाचणी आरपार टोचावी आणि ती जेथून निघेल तेथे खूण करावी. असे केले नाही तर एक डोळा वर आणि एक खाली होतो आणि हत्ती तिरळा पाहू लागतो. डोळ्यांच्या जागी मणी किंवा गुंड्या लावण्यापेक्षा डोळे दोऱ्याने भरणेच चांगले. कारण सुटलेला मणी एखादे तान्हे मूल तोंडात घालील.

मग जोडणीला लागावे. टाचण्या मोजून घ्याव्यात आणि तुकडे टाचून ठेवावेत. प्रथम पोटाची कळी एका कुशीला जोडावी, नंतर दुसऱ्या कुशीला, आणि शेवटी पाठ आणि सोंड शिवावी. नमद्याची कड उसवत नसल्यामुळे ती आत दुमडण्याचे कारण नाही; बाहेरून काजटाका घातला म्हणजे शिवण पक्की होते आणि शोभाही येते. दोन टाक्यांत जोंधळ्याच्या दाण्याएवढे अंतर असावे आणि ते सर्वत्र सारखे राहावे. टाके फार दूर पडले तर फटीतून कापूस डोकावतो. फार जवळ पडले तर कड आकसते. सुई रेटताना बोटात अंगुस्तान घालावे. पोटापाशी दोन बोटे आत जातील एवढी जागा न शिवता मोकळी ठेवावी.

या मोकळ्या जागेतून कापूस भरतात. येथे पुष्कळांचा धीर सुटतो. कापसाचा मोठा बोळा एकदम कोंबला तर तो पोटातच अडकतो. सोंड पोकळ राहते आणि अंगावर गाठी दिसू लागतात. म्हणून कापूस बोटांनी सोडवून, चिमूट चिमूट घेऊन, बोथट काडीने आधी सोंडेच्या टोकाशी सरकवावा. नंतर चारही पाय भरावेत आणि पोट सर्वांत शेवटी. पाय घट्ट भरले नाहीत तर हत्ती गुडघे टेकतो. कापूस भरून झाला की मोकळी जागा शिवून टाकावी. कानांचे दोन-दोन तुकडे जोडून डोक्याला लावावेत, शेपटी आणि झूल बसवावी. अखेरीस टाचण्या पुन्हा मोजाव्यात. मोजणीत एक जरी कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत हत्ती कोणाच्याही हाती देऊ नये.

पहिला हत्ती झाकणावरच्या चित्रासारखा कधीच होत नाही. एखादा कान पुढे येतो, सोंड जरा बाजूला वळते, एक पाय आखूड पडतो. जे चुकले ते उसवावे आणि पुन्हा शिवावे. उसवण्यात कमीपणा नाही. जो शिवावयास शिकतो, तो उसवावयासही शिकतोच. बहिणींनी पुरे केलेल्या कामापासून ज्यांनी आरंभ केला, त्या मार्गारेटेबाईंनीही किती वेळा उसवले असेल!

हत्तीच्या पाठोपाठ गींगेनच्या त्या घरातून माकडे, गाढवे, घोडे, उंट असा सगळा प्राणिसंग्रहच बाहेर पडला. हाताखाली शिवणाऱ्या स्त्रिया आल्या, कारखाना उभा राहिला. १८९७ मध्ये मार्गारेटेबाईंचा पुतण्या रिशार्ड कामात आला. तो चित्रकला शिकलेला होता आणि प्राणिसंग्रहालयात बसून अस्वलांची चित्रे काढीत असे. १९०२ मध्ये त्याने हातपाय हलविता येणारे केसाळ अस्वल तयार केले. मार्गारेटेबाईंना ते खपेल असा भरवसा नव्हता. परंतु १९०३ मध्ये लाइपत्सिश येथील जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने एकदम ३,००० अस्वलांची मागणी नोंदविली. त्याच सुमारास, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत एका बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचे नाकारल्याची वार्ता अमेरिकेत गाजली होती. त्यांच्या ‘टेडी’ या लाडक्या नावावरून खेळण्यातील अस्वलांना ‘टेडी’ म्हणण्याचा प्रघात पडला. १९०७ या एका वर्षात गींगेनच्या कारखान्यात सुमारे पावणेदहा लाख अस्वले तयार झाली.

एवढा व्याप वाढला तरी नव्या खेळण्याचा पहिला नमुना मार्गारेटेबाई स्वतः हाताळून पाहत. शिवण पक्की आहे काय, कोठे टोचते काय, हे कळल्यावाचून त्या पुढे जाऊ देत नसत. मुलांना द्यावयाचे ते उत्तमच असले पाहिजे, हा त्यांचा नियम होता. १९०३ मध्ये कारखान्यासाठी पोलाद आणि काच यांची एक इमारत उभारली गेली. शिवणाऱ्या स्त्रियांना भरपूर उजेड मिळू लागला. १९०४ मध्ये नकली खेळण्यांपासून आपली खेळणी वेगळी ओळखू यावीत म्हणून प्रत्येक प्राण्याच्या कानात एक धातूची गुंडी बसविण्याचे ठरले. त्या पहिल्या गुंडीवर चित्र होते ते जगभर गेलेल्या अस्वलाचे नव्हे, तर सुया खोचण्याच्या उशीसाठी शिवलेल्या हत्तीचे!

९ मे १९०९ रोजी मार्गारेटे श्टाइफ यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा कारखाना आजही गींगेन गावी आहे आणि २००५ पासून तेथे या खेळण्यांचे एक संग्रहालयही आहे.

‘मोडेनवेल्ट’ नियतकालिक हजारो घरांत जात असे. हत्तीची ती आकृती त्या सर्व घरांत पोहोचली होती. ज्यांचे दोन्ही हात धडधाकट होते, अशा कितीतरी जणींनी ती पाहिली असेल आणि पान उलटले असेल. गींगेनच्या त्या खोलीत मात्र कापड पुढे ओढले गेले आणि एका दुखऱ्या हाताने सुईत दोरा ओवला.

आजच्या पेटीतील कागदही सर्वांना सारखाच मिळतो. तरी एकाच वर्गातील दहा मुलांनी एकाच संचातून हत्ती शिवले, तर ते दहा हत्ती दहा प्रकारचे होतात. कोणाचा गंभीर दिसतो, कोणाचा हसरा. कोणाची सोंड डावीकडे झुकते, कोणाची उजवीकडे. खिडकीत ते ओळीने ठेवले, तर प्रत्येक मूल आपला हत्ती लांबूनच ओळखते. त्याच्या कानात गुंडी नसते. पण एखादा टाका वाकडा पडलेला असतो, आणि तो टाका कोणत्या दिवशी, किती वेळा उसवून घातला होता, हे त्या मुलाला पक्के ठाऊक असते.

अभ्यास

१. मार्गारेटेने शिवणवर्गात जाऊ नये असे तिच्या वडिलांना का वाटत होते? त्यांचे म्हणणे ‘अगदीच निराधार नव्हते’ असे लेखात का म्हटले आहे?

२. नमदा आणि विणलेले कापड यांत कोणता फरक आहे? लहान प्राणी शिवण्यास नमदा सोयीचा का?

३. पोटाची कळी घातली नाही तर काय होईल? आकृती काढून स्पष्ट करा.

४. कारणे द्या : (अ) भरतकाम जोडणीच्या आधी करतात. (आ) कापूस सोंडेपासून भरण्यास आरंभ करतात. (इ) टाचण्या दोनदा मोजतात.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : हिरमुसणे, आकृतीबरहुकूम, हातोहात, धीर सुटणे, प्रघात.

६. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी शिवणकाम, भरतकाम किंवा गोधडी शिवण्याचे काम करीत असेल, तर त्यांच्याकडून निरनिराळ्या टाक्यांची नावे विचारून घ्या आणि कापडाच्या एका तुकड्यावर तीन टाके घालून वर्गात दाखवा.